साय धरलेला चहा

गणेशच्या समोरच्या चहावर साय धरली होती, आणि माझं सगळं लक्ष त्या सायीकडेच होतं.

बारा वर्षं तो ऑफिसात माझ्या शेजारी बसायचा. साडेदहा वाजले की "चहा आला का रे?" म्हणून मान वर करणारा पहिला हाच. मग त्याने नोकरी सोडली आणि घरातच हार्मोनियम दुरुस्त करायला लागला. काल बहिणीची पेटी घेऊन मी त्याच्याकडे गेलो. पेटी निमित्त होती. पस्तावला असेल, तर ते मला बघायचं होतं.

तो पितळेची एक बारीक पट्टी ब्लेडने खरवडत होता, सूर ऐकत होता, पुन्हा खरवडत होता.

"हा तिसरा कप," वहिनी वैतागून म्हणाल्या. "द्यायचा आणि गार झाला की उचलायचा."

मीही नोकरी सोडायचं म्हणतोय, असं मी त्याला सांगितलं.

"सोड की. काय करणार?" त्याने मान वर न करताच विचारलं.

माझी नजर पुन्हा त्या सायीवर गेली. त्याच्या धाडसाचा मला हेवा नाही. धाडस मीही करीन कधीतरी. हेवा त्या गार चहाचा वाटला. समोरचा चहा दिसू नये, असं काय असतं माणसाच्या हातात?

आज ऑफिसात चहा आला तेव्हा मी कप मुद्दाम बाजूला सारला आणि फाईल उघडली. म्हटलं, आपलाही होऊ दे गार. दुसऱ्याच ओळीला हात कपाकडे गेला, आणि जीभ भाजली.