ओगराळं घेऊन संसदेत

आईवडील सोडले तर या जगात मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या खासदारबाईंचा. ब्रिटनच्या संसदेत आजवर इतकी माणसं निवडून गेली, पण "पानात टाकायचं नाही" असं मंत्र्याला भर सभागृहात सुनावणारी ही एकच बाई असणार, याबद्दल मी कोणाशीही पैज लावायला तयार आहे. बाई वेल्समधल्या एका दरीतल्या. खासदार होण्याआधी त्या गावच्या शाळेचं स्वयंपाकघर सांभाळत. दरीतल्या दोन पिढ्या त्यांच्या हातचं जेवून मोठ्या झालेल्या. या दरीत आडनावं मोजकीच. जोन्स, डेव्हिस, इव्हान्स एवढी संपली की पुन्हा जोन्स सुरू. त्यामुळे माणूस ओळखायचा तो धंद्यावरून: जोन्स दूध, जोन्स बस, इव्हान्स शवपेटी. आमच्या परतूरलाही गिरणीवाले शिंदे आणि सायकलवाले शिंदे होतेच, त्यामुळे ही पद्धत मला पहिल्या दिवसापासून घरची वाटली. बाईंना सगळे 'ग्रेव्ही' म्हणत. निवडून आल्यावर त्यांनी संसदेत इंग्रजीत आणि मग वेल्श भाषेत शपथ घेतली, टीव्हीवर झळकल्या, आणि शनिवारी गावात उतरल्या तर रस्त्याच्या पलीकडून हाक आली, "ए ग्रेव्ही, माझ्या पेन्शनचं काय केलंस?" बाईंनी तिथल्या तिथे भर रस्त्यात थांबून उत्तर दिलं. मागे बस खोळंबली होती. बसवाला जोन्स खिडकीतून डोकं काढून उत्तर ऐकत होता, कारण त्याच्या आईचीही पेन्शन अडकली होती.

हातातलं ओगराळं सुटलं तरी बाईंची ओगराळ्याची सवय सुटली नाही. समोरचा माणूस मंत्री असो की महापौर, बाईंच्या दृष्टीने तो रांगेत ताट घेऊन उभा असलेला पोरगा. एकदा एका मंत्र्याने त्यांच्या प्रश्नाच्या अर्ध्याच भागाचं उत्तर दिलं आणि तो ऐटीत खाली बसला. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मंत्रिमहोदयांनी मटार खाल्ले, गाजरं तशीच ठेवली. पानात टाकायचं नाही. गाजरं संपवा." दोन्ही बाजूंचे सभासद 'हिअर, हिअर' ओरडू लागले आणि मंत्र्याला पुन्हा उठून गाजरं संपवावी लागली. लोकांच्या पत्रांना त्या पत्राने उत्तर देत नसत, थेट फोन करत. "पत्राला पत्र पाठवणं म्हणजे भुकेल्याला मेनू वाचून दाखवणं," असं त्यांचं मत. आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी कधी खुर्ची दिली नाही. दरीतल्या गल्ल्या अशा चढाच्या की पोस्टमनसुद्धा खालच्या घरी पत्र टाकून वरच्याला हाक मारतो. बाई त्या माणसाला घेऊन चढ चढू लागत. "खुर्चीत माणूस अर्ज बोलतो, चढावर खरं बोलतो," हे त्यांचं तत्त्व. एक नगरसेवक भलंमोठं गाऱ्हाणं पाठ करून आला होता. अर्ध्या चढावर त्याचं गाऱ्हाणं दोन वाक्यांवर आलं आणि माथ्यावर पोचल्यावर त्याने बाईंची माफी मागितली. कशाबद्दल, ते त्या दोघांनाच ठाऊक.

बाईंशी आमची गाठ पडली ती ग्विनकाकांमुळे. माझी बायको सुषमा इथल्या हॉस्पिटलात नर्स. तिच्या व्हिसावर मी आलो आणि एका वेअरहाउसमध्ये खोकी बांधू लागलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. तेही राज्यशास्त्र घेऊन. 'ब्रिटिश संसदेचे सार्वभौमत्व' ही टीप मी परतूरच्या कॉलेजात इतक्या वेळा लिहिली होती की झोपेतून उठवलं तरी सहा मुद्दे सांगितले असते. पण ब्रिटनमध्ये येऊन त्या सार्वभौमत्वाशी माझा संबंध आला नव्हता. ग्विनकाका आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. सगळं आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलेलं, छातीत तो कोळसा अजून बसलेला. त्यांची बायको नेस्टा रेल्वेलाइनच्या पलीकडच्या केअर होममध्ये होती. तिची स्मृती गेली होती. माणसं ओळखू येईनात, पण एक गोष्ट तिच्या हाताला की तोंडाला, कशाला तरी, आठवत होती: ग्विनकाकांनी घास दिला तरच ती तोंड उघडायची. नर्सने दिला की ओठ घट्ट मिटायची. त्यामुळे काका रोज दुपारी रेल्वेचं फाटक ओलांडून जात आणि तिला भरवून येत. मग रेल्वेने सुरक्षिततेसाठी ते फाटक कायमचं बंद केलं आणि वरून लोखंडी जिन्याचा पूल टाकला. जिना काकांच्या छातीला झेपेना. बसने जायचं तर मोठ्या गावाला वळसा, आणि ती बस नेमकी जेवणाची वेळ टळल्यावर पोचायची. महिन्याभरात नेस्टाबाईंच्या गालांची हाडं दिसू लागली. काका मला म्हणाले, "मला तो पूल दिसतो ना, तेव्हा वाटतं, ती तिकडे उपाशी आहे आणि मी इकडे तिच्याकडे बघत उभा आहे."

खासदाराकडे जायचं ठरलं. बाई लोकांना गावच्या लायब्ररीत भेटत. आता खासदाराकडे मोकळ्या हाताने कसं जायचं? आमच्याकडे शालींची कमतरता नसते. कोणाच्या तरी सत्काराच्या शाली घराघरांतून फिरत असतात. तशी एक आमच्या बॅगेत आलेली होती. नारळ कार्डिफच्या दुकानातून आणला. सुषमा म्हणाली, "अहो, लायब्ररीत नारळ घेऊन शिरलात तर पोलीस बोलावतील." लंडनमधल्या हाउन्सलोच्या मावसभावाला फोन केला तर तो खो खो हसला. "अरे वेड्या, इथे एमपीला इमेल करतात. वशिला लागत नाही, नारळ तर मुळीच लागत नाही." तरीही मी शाल-श्रीफळ घेऊन गेलो. बाईंनी नारळ हातात घेतला, कानाशी हलवून पाहिला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण खासदाराला भेट घेता येत नाही. नोंदवहीत कुठल्या रकान्यात लिहू मी याला?" मी शरमून म्हणालो, "मॅडम, आमचं एक मागणं होतं." बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कुठला?" "इंडियाचा." "म्हणजे कॉमनवेल्थ. मतदार यादीत नाव घातलंस का?" मला वाटलं, चेष्टा करतायत. मी परदेशी माणूस, मला कसलं मत? तेव्हा त्यांनी सांगितलं की भारतीय माणूस इथे रीतसर राहत असेल तर त्याला संसदेच्या निवडणुकीत मत आहे. माझ्या सहा मुद्द्यांत हा मुद्दा नव्हता. "तेव्हा मागणं-बिगणं सोड," बाई म्हणाल्या. "तू मागायला आलेला नाहीस. तू मला कामावर ठेवलंयस. आता काम सांग." मी बोलू लागलो आणि माझा आवाज आपोआप मोठा झाला. बाईंना मी अजून काय देणं लागतो असं कोणी विचारलं, तर मी तो आवाज दाखवीन.

काकांना चढ चढवणं शक्य नव्हतं, म्हणून बाई त्यांना घेऊन पुलावरच गेल्या. चार पायऱ्यांवर काका थांबले, बाईही थांबल्या. काकांचा खोकला थांबेपर्यंत त्या कठडा धरून उभ्या राहिल्या. नवव्या-दहाव्या पायरीच्या पुढे काही दोघं गेले नाहीत. खाली उतरल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "बरं." त्यांचं ते 'बरं' मी नंतर ओळखू लागलो. ते ऐकून शाळेतली पोरं मुकाट्याने भोपळा खात असत. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला आपल्या ऑफिसात घेतलं. वेअरहाउस सुटलं. माझ्या वडिलांनी परतूरला कापसाच्या जिनिंगमध्ये पेढे वाटले आणि 'मुलगा ब्रिटनच्या संसदेत लागला' असं सांगितलं. मी खुलासा करायला फोन केला तर म्हणाले, "तू गप बस. तुला नाही कळत."

कामाला लागलो आणि सार्वभौम संसदेचं खरं दर्शन झालं. रेल्वे म्हणे, हे सरकारने सांगायला हवं. लंडन म्हणे, वेल्सचा विषय कार्डिफच्या वेल्श सरकारला विचारा. कार्डिफ म्हणे, रूळ लंडनचे आहेत. असे सहा महिने गेले. शेवटी बाईंनी संसदेच्या चहाच्या खोलीत मंत्र्यालाच गाठलं. तो हसून म्हणाला, "माझ्यावर सोडा." इंग्रज माणूस 'माझ्यावर सोडा' म्हणाला की ते काम झालं नाही असं समजावं, हे इथे लहान मुलालाही कळतं. बाई त्या दिवशी फोनवर पहिल्यांदाच थकलेल्या वाटल्या. तिकडे केअर होमवाले नळीने अन्न द्यायचं बोलू लागले होते.

तेव्हा मला परतूरच्या आमच्या गल्लीतली गोष्ट आठवली आणि मी ती बाईंना सांगितली. आमच्याकडे नळाला पाणी येत नव्हतं. अर्ज करून थकल्यावर गल्लीने इंजिनिअरसाहेबांचा 'पाणी आणल्याबद्दल' जाहीर सत्कार केला. हार, शाल, नारळ, फोटो, भाषणं, सगळं. पाणी आलेलंच नव्हतं. बिचारे साहेब शाल पांघरून घरी गेले आणि पंधरवड्यात नळ वाहू लागले. एकदा शाल अंगावर पडली की माणूस काय करणार? बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "फार दुष्ट लोक आहात तुम्ही." आवाजात निव्वळ आदर होता.

पुढच्या बुधवारी बाई सभागृहात उभ्या राहिल्या. आम्ही ऑफिसात टीव्हीसमोर. काका आमच्या हीटरशेजारी. बाई म्हणाल्या, "पुलाचा प्रश्न 'माझ्यावर सोडा' असं म्हणून मंत्रिमहोदयांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला, याबद्दल माझी दरी त्यांची ऋणी आहे. आमच्या हॉलमध्ये त्यांचा जाहीर सत्कार ठेवला आहे. त्यांनी यावं. गावचं गाणारं कॉयर तयारीला लागलंय." सगळं सभागृह ओरडू लागलं. मंत्र्याला उठून "आनंदाने येईन" असं म्हणावंच लागलं. काका खोकत हसले की हसत खोकले, सांगता येत नव्हतं. "पकडला," ते म्हणाले, "ग्रेव्हीने पकडला त्याला."

खाणकामगारांचा तो जुना हॉल मी इतका भरलेला पुन्हा कधी पाहिला नाही. पुरुषांच्या कॉयरने असा सूर लावला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मी बाईंच्या कानात सूचना देत होतो: आधी शाल, मग नारळ, नारळाची शेंडी वर. शाल बाईंनी मंत्र्याच्या खांद्यावर घातली तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या काकांकडे पाहून त्याचा चेहरा बदलला, एवढं त्याच्या बाजूने मला सांगितलं पाहिजे. नारळ हातात घेऊन त्याने हळूच विचारलं, "याचं मी करायचं काय?" बाई माइकवरूनच म्हणाल्या, "फोडायचा नाही. काम सुरू होईल त्या दिवशी फोडायचा. तोवर तुमच्या टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवायचा." मग त्याने त्या शालीतच भाषण केलं आणि उताराचा रॅम्प बांधण्याचं वचन दिलं. दुसऱ्या दिवशी शाल, नारळ आणि वचन तिन्हींचा फोटो स्थानिक पेपरात.

तरी काही महिने काही हललं नाही. मग एके दिवशी मंत्र्याच्या कचेरीतून एका फार सभ्य मुलीचा फोन आला. "तुमच्या नारळाला वास येऊ लागलाय. काय करावं?" बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "रॅम्पला उशीर झाला की नारळाला वास येतो बाळ. त्याचं तसंच असतं." त्यानंतरच्या महिन्यात रुळाशेजारी पिवळी जॅकेटं दिसू लागली. आयुष्यात दिवाळीसुद्धा मी क्वचितच इतक्या आनंदाने साजरी केली असेल. तोवर बसवाल्या जोन्सने जेवणाच्या वेळेला आपल्या रिकाम्या बसची वाट वाकडी करून काकांना रोज पलीकडे नेऊन सोडायला सुरुवात केली होती. वेळापत्रकात ती फेरी नव्हती. कोणी विचारलं तर बाईंचं नाव सांगायचं, असं ठरलं होतं. कोणी विचारलं नाही. नळीचा विषय मागे पडला.

रॅम्प पुरा व्हायच्या आत निवडणूक आली. वेल्सच्या जागा कमी झाल्या आणि आमचा मतदारसंघ नकाशावरून पुसला गेला. अर्धा इकडच्याला, अर्धा तिकडच्याला. बाईंनी पुन्हा उभं राहायचं नाही असं ठरवलं. ऑफिसातल्या खुर्च्या त्यांनी वाटून टाकल्या. फारशा वापरलेल्या नव्हत्याच. आता त्या समुद्रकाठी बहिणीपाशी राहतात. नव्या खासदारांच्या ऑफिसात मला ठेवलं आहे. ते सज्जन आहेत, लोकांना बसायला सांगतात. रॅम्पच्या उद्घाटनाला बाईंना बोलावायचं राहून गेलं. त्या संध्याकाळी मी त्यांना एक पत्र पाठवलं. त्यांना पत्रांचा कंटाळा, तरी पाठवलं, कारण फोनवर मला बोलता आलं नसतं. ते इंग्रजीत होतं. इथे मराठीत उतरवतो.

प्रिय बाई,

आज रॅम्प सुरू झाला. पाटीवर बरीच नावं आहेत, तुमचं नाही. लोकांनी ते वाचून आपसांत जे शब्द वापरले ते मी इथे लिहीत नाही. तुम्हाला वेल्श येतं, कल्पना येईल.

भाषणं लांबली. जेवणाची वेळ होत आली तसे ग्विनकाका घड्याळ बघू लागले आणि मग फीत कापायच्या आधीच तिच्याखालून वाकून निघून गेले. पाहुण्यांची कात्री हातात तशीच राहिली. काका मध्ये तीनदा थांबले, कठड्याला धरून श्वास घेतला. मी पुढे झालो तर हाताने 'मागे हो' म्हणाले. अख्खं गाव खालून बघत होतं. ते पलीकडे उतरले तेव्हा जो आवाज उठला तो तुमच्या बहिणीच्या घरापर्यंत यायला हवा होता.

मी मागोमाग केअर होममध्ये गेलो. नेस्टाबाईंनी सगळं ताट संपवलं. मग नर्सला जवळ बोलावून म्हणाल्या, "हा माणूस कामाला बरा आहे. याला काढू नका." काका बाहेर पॅसेजमध्ये आले, डोळे पुसले आणि मला म्हणाले, "खाण बंद पडल्यापासून पहिल्यांदा नोकरी लागली बघ मला."

उद्या दुपारी पुन्हा ड्यूटी आहे, म्हणाले.