बुरुलने गुंडाळलेली तार

तोकमोक गावच्या बाजारात जुन्या कंटेनरांच्या रांगेत बुरुलचं व्हेपचं, म्हणजे बॅटरीवर वाफ ओढायच्या नळ्यांचं, दुकान होतं. आधी ती राजधानीत, बिश्केकला, शिवणकारखान्यात राबली होती. बारीक कामाला सरावलेली तिची बोटं कॉइलची, नळीतला रस तापवणाऱ्या वेटोळ्याची, तार अशी गुंडाळत, की सुरुवातीला हसणारे गडी पुढे दुसऱ्या कुणाकडे जाईनात.

तोंड मात्र फटकळ. मिनीबस चालवणारा तोलोगोन आला की तिचा पारा चढायचा. त्याच्या नळीतला रस शोषणारा कापूस डांबरासारखा काळा, तारेवर करपलेल्या साखरेची पुटं.

"गाडीचं तेल तरी बदलतोस का रे?" ती विचारायची. "का तीही अशीच ढकलत नेतोस?"

"चालतंय ना एजे, धूर येतोय," तो हसायचा. बाजारातले सगळेच तिला एजे म्हणत, म्हणजे थोरली बहीण.

ती त्याला पुन्हा पुन्हा बजावायची. कापूस आठवड्याला बदल, चव करपली तर त्याआधीच. कापूस काढून तार हलकेच लाल कर, निवू दे, मगच ब्रशनं घास. तापलेली पाण्यात बुडवलीस तर ठिसूळ होईल. घासूनही काळी राहिली, वाकली, की फेकून नवी बसव. आणि बॅटरीचं वेष्टन फाटलं असेल तर ती बॅटरी वापरूच नकोस.

तोलोगोननं यातलं काहीच केलं नाही. एका सकाळी स्टॅंडवर त्यानं चाकूच्या टोकानं तार खरवडली. ती वाकून नळीतल्या धातूच्या वाटीच्या कडेला टेकली. वेष्टन फाटलेलीच बॅटरी घालून त्यानं बटण दाबलं आणि नळी त्याच्या तोंडासमोर फुटली. ओठ फाटला, पुढचे दात गेले, गालाचं मांस लोंबायला लागलं.

दुपारी त्याचा थोरला भाऊ ओमुरबेक दुकानात आला. तो बाजारात मेंढ्या कापायचा. अंगावरचा एप्रन तसाच होता. आल्याआल्या त्यानं काचेचं कपाट लाथेनं पाडलं, बुरुलला वेणीला धरून गल्ल्यावर आडवी केली आणि तिचा उजवा हात काचांवर दाबला.

"याच हातानं केलंस ना?" एवढंच तो म्हणाला.

पक्कड तिथेच पडली होती, ती त्यानं उचलली. पहिल्या घावात तर्जनी मोडली. हाड मोडल्याचा आवाज बुरुलला आला, दुखणं मागाहून आलं. दुसऱ्या घावात मधलं बोट मोडलं. तिसऱ्यासाठी त्यानं हात उचलला, तेव्हा तिच्या डाव्या हाताला गॅसची छोटी बत्ती लागली, तार मऊ करायची. ती तिनं पेटवली आणि त्याच्या मानेवर धरली. कातडी चरचरली. तो बैलासारखा ओरडला, तरी वेणी सोडेना. तीही बत्ती काढेना. कपडा जळाल्याचा, मांस जळाल्याचा वास कंटेनरभर पसरला. शेवटी हमालांनी दोघांना ओढून वेगळं केलं. तोवर बुरुलनं त्याच्या कानाचा लचका तोडला होता.

नंतर तिला स्वतःचीच भीती वाटली. बत्ती मुद्दाम धरून ठेवली होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पोलिसांपुढे तिनं तसंच सांगितलंही.

ओमुरबेकच्या घरचे म्हणत राहिले, की बाईनं खराब माल दिला. टाके घातलेल्या तोंडानं तोलोगोन न्यायालयात उभा राहिला. शब्द बोबडे निघत होते.

"कॉइल एजेनं चांगलीच दिली होती," तो म्हणाला. "मी ती कधी बदलली नाही. चाकूनं खरवडली मीच. बाईके चुकीच्या माणसावर धावून गेला."

बाईके म्हणजे थोरला भाऊ; सख्ख्या बाईकेविरुद्ध तो बोलला, म्हणून आईनं त्याला उंबरा बंद केला. ओमुरबेकला शिक्षा झाली; बुरुलनं जीव वाचवायला केलं म्हणून तिला सोडलं. शेजारच्या वडीलधाऱ्यांनी समेटासाठी मेंढा आणला, तेव्हा बुरुलनं तो दारातूनच परत पाठवला. माफ करायचं झालं तर ते तोंडी करेन, मटण खाऊन नाही, असं म्हणाली. तोंडीही तिनं कधी केलं नाही.

दोन बोटं ताठच राहिली. आता ती डाव्या हातानं तार गुंडाळते, उजव्यात नुसता तार गुंडाळायचा दांडा धरते. वेढे पूर्वीइतके सारखे पडत नाहीत. वेडावाकडा एखादा पडला की ती तो उकलते आणि पुन्हा सुरू करते. दारात मोठ्या अंगाचा गडी उभा राहिला, की डावा हात आधी बत्तीकडे जातो. ते तिला आवडत नाही. पण बत्ती ती तिथून हलवत नाही.