तीन मिनिटांचा अलोन्झो

कॅन्सस सिटीत अलोन्झो प्रुइटबद्दल कुणीही चांगलंच बोलेल, त्याची बायको सोडून. व्हर्नेटाबाईंनी त्याच्यासोबत एकतीस वर्षं काढलेली, म्हणजे बोलायचा हक्क त्यांचाच. अलोन्झोचा तेरा वाजवणाऱ्यांचा जाझ बँड, दोन खटारा मोटारी आणि सुरावट लिहिलेला कागदाचा एक चिटोरा नाही! सॅक्सोफोनवाला तान गुणगुणायचा, ट्रंपेटवाले तिला उत्तर द्यायचे, की गाणं उभं. बाई म्हणायच्या, "लिहून ठेवा." तो म्हणायचा, "कागदात खाटकानं मटण बांधावं." वर बँडकडे पाठ करून नाचणाऱ्या पोरींकडे बघत राहायचा. त्यावरून घरात किती बशा फुटल्या, ते शेजाऱ्यांना विचारा.

तो गेल्यावर अकरा वर्षांनी शहराला त्याच्या सन्मानार्थ मोठ्या सभागृहात कार्यक्रम करायची आठवण झाली. त्याची तालीम चर्चच्या हॉलमध्ये ठेवली. फेअरली नावाच्या शिकलेल्या संचालकानं अलोन्झोचं 'खेचराची लाथ' हे गाणं रेकॉर्डवरून ऐकून कागदावर उतरवलं होतं. वाजलं झकास, अन् तीन मिनिटांत धप्पकन संपलं.

बाई ताडकन उठल्या. "संपलं?"

"हो, मॅडम. रेकॉर्डवर एवढंच आहे."

"तबकडीवर एवढंच मावत होतं, मेल्या! माझा नवरा काय तीन मिनिटांचा होता?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"दात काढू नकोस, हॉबर्ट! सांग याला खरा शेवट."

जुन्या बँडातले हॉबर्ट आणि लेम्युएल एवढे दोघेच उरलेले. हॉबर्टनं शेवट गुणगुणला.

"हट्! असला शेवट तुझ्या सासऱ्यानं ऐकला असेल," म्हणत लेम्युएलनं दुसराच सुरू केला. दोघे काठ्या उगारून भांडू लागले.

"यातला खरा कुठला?" फेअरलीनं गालात हसून विचारलं.

बाईंचा चेहरा पडला. कागद तर नाहीच, आता माणसांच्या डोक्यातूनही अलोन्झो चालला होता.

"दोन्ही खरे, वहिनी," हॉबर्ट ओशाळून म्हणाला. "शेवट ठरलेला नसायचाच. अलोन्झो नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघायचा. पाय दमले की त्याचा डावा हात खाली, ती आम्हाला खूण. मग सुचेल तसं संपवायचं."

"पायांकडे?"

"पायांकडेच. म्हणून तर आमच्याकडे पाठ."

"एकतीस वर्षं बाईलवेडा म्हणून शिव्या घातल्या मी त्याला! आणि या मुखदुर्बळाला एकदा तोंड उघडता आलं नाही?" बाई आधी मेलेल्यावर उसळल्या, मग जिवंतावर. "ए फेअरली, तुमच्या सभागृहात नाचायला जागा आहे?"

"नाही, मॅडम. सहाशे खुर्च्या आहेत, जमिनीत पक्क्या बसवलेल्या."

"मग तिथं त्याचं नाव घ्यायचं नाही! काय ते इथं होईल." त्यांनी हॉलमधल्या घडीच्या खुर्च्या धडाधड भिंतीकडे फेकायला सुरुवात केली. "तू बँडकडे पाठ कर, तोंड इकडे. कागद मिटा. हॉबर्ट, वाजव. आणि मी नाचून दमेपर्यंत कुणी थांबलं तर याद राखा!"

बाईंचं वय चौऱ्याहत्तर, गुडघा सुजलेला. विसाव्या मिनिटाला फेअरलीनं हात खाली करायची परवानगी मागितली, तेव्हा त्यांनी त्याला अशी काही शिवी हासडली, की पाद्रीबाबा बाहेर निघून गेले.