अक्काचं विरजण

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होते. तशीच जळोचीहून वडगाव निंबाळकर गाठलं. थोड्या वेळानं पुण्याहून माझा मुलगा ओंकार आला, माझ्याकडे न बघता थेट तिच्या पायांशी बसला आणि ढसाढसा रडला. मला वाटलं, मी गेल्यावर हा इतका रडेल का?... जावेच्या मयतातसुद्धा हेवा करणारी बाई मी. आता लपवून काय उपयोग!

अक्का माझी थोरली जाऊ. शिक्षण चौथी, गोठ्यात चार म्हशी. मी बी.एस्सी. बी.एड., विज्ञानाची शिक्षिका. तरी कौतुक व्हायचं ते तिच्या दह्याचं. सासूबाई करायच्या, पाहुणे करायचे, आणि शनिवार उजाडला की माझंच पोरगं ‘थोरल्या आईकडं जायचं’ म्हणून पिशवी भरायचं. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझा.

ओंकार नऊ वर्षांचा असताना त्याच्या कानात पू झाला. अँटिबायोटिक सुरू केलं, ताप उतरला, पण जुलाब लागले. डॉक्टरांनी कोर्स पुरा करायला सांगितला आणि पोटातले चांगले जिवाणू सावरावेत म्हणून प्रोबायोटिकच्या पुड्या दिल्या. अँटिबायोटिकनंतर दोन तासांनी द्यायच्या. आमच्याकडे औषध म्हणजे गरम दुधाबरोबर! मी वाफाळत्या दुधात पुडी घालून पाजत राहिले. तीन दिवस झाले, फरक काही पडेना. पोरगं पार गळून गेलं. ‘आता सगळीच औषधं बंद करते,’ असं मी म्हणत होते, तेवढ्यात अक्का आली. तिनं ग्लासला हात लावला.

“अगं मास्तरीणबाई, इरजण कुणी उकळत्या दुधात घालतं व्हय? मरंल की ते! आन् डाक्टरला इचारल्याबिगर गोळ्या सोडू नगंस.”

दरवर्षी आठवीला दही लावणारे लॅक्टोबॅसिलाय शिकवणारी मी... उठून तो ग्लास मोरीत ओतला. तिनं पुढची पुडी वेळ बघून आपल्या दह्यात कालवली आणि ओंकारला भरवली. दोन दिवसांत पोट थाऱ्यावर आलं. “थोरल्या आईनं बरं केलं,” पोरगं गावभर सांगत सुटलं. ती मात्र म्हणायची, “न्हाय रं, तुझ्या आईनंच पुड्या आणल्या हुत्या.” माझी चूक तिनं कधी कुणाला सांगितली नाही. मला तेही खुपलं. चहाड्या केल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं!

तेराव्यानंतर निघताना तिच्या फडताळातून, घरच्यांनी रोज लावत ठेवलेलं तिचं विरजण चमचाभर मी डबीत घालून आणलं. आता रोज दुधात करंगळी बुडवून बघते, तिच्यासारखीच, आणि मगच दही लावते. परवा ओंकार दाढ काढून घरी आला, पुन्हा गोळ्या चालू. मी वाटीभर दही पुढे ठेवलं. पहिल्याच घासाला तो थांबला. डोळे भरून आले त्याचे.

“थोरल्या आईचं ना गं हे?”

दूध मी तापवलं होतं, विरजण मी लावलं होतं. ओठांवर आलं होतं अगदी...

“हो, तिचंच,” मी म्हणाले आणि उद्यासाठी चमचाभर दही बाजूला काढून ठेवलं.