झाडूचं डिझाइन

"झाडूचं डिझाइन बदलत नाही ना, म्हणून तिथे तुम्ही बऱ्या होतात."

डिस्पॅचच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर विभागाचे साहेब मला हे बोलले. दारात तीन ड्रायव्हर उभे होते, खिडकीशी पॅकिंगच्या बायका. एक ड्रायव्हर हसला. बाकीचे खाली बघायला लागले. मी स्क्रीनकडे बघत होते. त्या दिवसाच्या सगळ्या गाड्यांच्या याद्या ज्या फोल्डरमध्ये होत्या, ते फोल्डर गेलं होतं. मीच घालवलं होतं.

सातपूरच्या या कारखान्यात मी झाडूवरच लागले. माझ्या आधी आई याच ऑफिसची फरशी पुसायची. तिचा चहाचा कप वेगळा असायचा, मागच्या खिडकीत ठेवलेला. नंतर माझाही तिथेच असायचा. कोणी नियम लिहिला नव्हता. सगळ्यांना माहीत होता.

फरशी पुसताना मी डिस्पॅचच्या जुन्या क्लार्कच्या मागे उभी राहून काम शिकले. नववीपर्यंत शाळा झालेली. इंग्रजी अक्षरं लागतात, पण शब्द जुळवायला वेळ जातो. म्हणून मी वाचून शिकले नाही, जागा बघून शिकले. खालचा डावा कोपरा, तिथलं बटण, ज्यातून सगळं उघडतं. मग वरून तिसरं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्क्रीनचा नकाशा काढला, प्रत्येक जागेवर मराठीत लिहिलं, आणि टेबलाच्या काचेखाली घातला. ते क्लार्क निवृत्त झाले आणि खुर्ची मला मिळाली. नऊ वर्षं एकही गाडी माझ्यामुळे अडली नाही. पॅकिंगच्या शोभाताईने त्या नकाशाची झेरॉक्स नेली, गेटवरच्या बाईनेही नेली.

आणि कप टेबलावर आला.

गेल्या महिन्यात एका सोमवारी कॉम्प्युटर चालू केला तर सगळं वेगळं. सिस्टीम नवी घातली होती. कोपऱ्यातलं बटण खाली मधोमध. तेही एका जागी राहीना. एक फाइल उघडली की डावीकडे सरकायचं, दुसरी उघडली की आणखी थोडं. माउसचं उजवं बटण दाबल्यावर जिथे शब्दांच्या ओळी यायच्या, तिथे बारीक चित्रं. नऊ वर्षांची हाताची सवय एका सकाळी निकामी.

त्याच आठवड्यात टेबलांची तपासणी झाली. साहेबांनी काच उचलून माझा नकाशा काढला.

"टेबल स्वच्छ पाहिजे, ताई. आणि आता याचा उपयोग काय? सगळं बदललंय."

"साहेब, ते बटण पहिल्यासारखं डावीकडे घेता येतं का?"

"सवय होईल. फोनवर रील बघता येतात ना?"

पुढे मी विचारलं नाही. ती माझी चूक.

गुरुवारी गाडी भरून उभी होती. ड्रायव्हर दिंडोरीकडचा. "ताई, लय वेळ झाला, कागद द्या ना." मी फोल्डरची कॉपी काढायला गेले. रांगेतल्या एका बारीक चित्रावर दाबलं. खात्री आहे का, असं काहीतरी इंग्रजीत आलं. घाईत होते. हो म्हटलं. दाबलं होतं ते कचऱ्याच्या डब्याचं चित्र.

साहेब आले आणि झाडूचं बोलले. बॅकअपमधून फोल्डर परत आणायला त्यांना दहा मिनिटं लागली. गाडी गेली. ते वाक्य तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टेबलाशी बोलावलं. एक फॉर्म पुढे सरकवला. नव्या सिस्टीमबद्दल सगळ्यांचं मत कंपनीने मागवलं होतं. इंग्रजीत. तीन चौकोन होते: छान, खूप छान, प्रशिक्षण हवं. वाईट म्हणायला चौकोनच नव्हता. माझ्यासाठी तिसऱ्यात खूण आधीच केलेली.

"सही करा, ताई. ट्रेनिंग देऊ."

"वाचते आधी."

"अहो, काय वाचता त्यात? मी सांगतोय ना."

मी वाचत बसले. एकेक अक्षर. छान म्हणावं तर कालची चूक सगळी माझी. प्रशिक्षण म्हणावं तर मला जमत नाही हे माझ्याच सहीने. कसंही केलं तरी मीच अडकणार. सर्वांत खाली पेनाने एक ओळ लिहिलेली होती. त्यातला एक शब्द मला जुळवावा लागला नाही. हाउसकीपिंग. माझ्या जुन्या ओळखपत्रावर तोच होता. म्हणजे परत झाडूवर.

मी मान वर केली. समोर त्यांचा कॉम्प्युटर चालू होता. बटण खाली, डाव्या कोपऱ्यात.

"तुमचं डावीकडे आहे."

साहेबांनी मॉनिटर स्वतःकडे वळवला. "माझं वेगळं आहे. मला काम असतं."

म्हणजे डावीकडे घेता येत होतं. त्यांनाही नवं नको होतं. त्यांनी स्वतःचं बदलून घेतलं आणि मला सवय करायला सांगितलं. इतके दिवस मला वाटत होतं, माझं डोकं कमी पडतंय.

मी फॉर्म उलटा केला. मागे मराठीत लिहिलं. बटण जागेवर राहत नाही. शब्द काढून चित्रं दिली, कॉपी आणि डबा एकाच रांगेत ठेवले. जुन्यासारखं करता येतं, साहेबांच्या टेबलावर केलेलं आहे, माझ्या टेबलावर केलं नाही. खाली सही केली. पुढच्या बाजूला केली नाही.

"हे वर जाणार नाही," साहेब म्हणाले.

"नका पाठवू." मी फोन काढून दोन्ही बाजूंचा फोटो घेतला. "माझ्याकडे राहील."

दहा दिवस झाले. माझं बटण अजून मधोमध आहे. साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलतात. काल चहा आला तेव्हा माझा कप खिडकीत ठेवलेला होता. मी उठले, कप आणला, टेबलावर ठेवला आणि चहा प्याले.

नवा नकाशा काढायला घेतलाय. चित्रं आणि त्यांच्यापुढे मराठी शब्द. शोभाताईने झेरॉक्स आत्ताच सांगून ठेवलीय. हा नकाशा काचेखाली नाही, भिंतीवर लावणार.

मला या खुर्चीवरून उठवायचं असेल तर लेखी द्या. कारणासकट. मराठीत. आणि ते वाचून झाल्यावरही, उठायचं की नाही ते मी ठरवेन.