पेटीनं झाकलेली ओळ

माझा उजवा हात मोडला तो न्हाणीघरात, साबणावरून घसरून. आणि चौदा एप्रिलच्या जयंतीचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर! दिवसा ऑफिसातल्या फायली आणि संध्याकाळी पेटी, असा माझा वीस वर्षांचा संसार. नल्लकुंट्यातले आमचे लोक मला कवयित्री म्हणतात, पण खरं सांगते, पेटीशिवाय मी एकही कविता लोकांसमोर म्हटलेली नव्हती. ओळ जिथं अडायची तिथं मी पेटीचा एक तुकडा टाकायची. लोक नेमके तिथंच वा वा करायचे. येडे कुठले! आणि त्यांच्याहून येडी मी.

लेक म्हणाली, "मम्मी, नुसती वाचून टाक ना. इतकी परेशान कायकू होतेस?"

इथं तेलुगू मुलखात वाढल्यानं तिला मराठी धड वाचता येत नाही. माझा हात प्लास्टरमध्ये, म्हणून मी सांगत गेले, ती मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत टाइप करत गेली. कविता माझ्या वडिलांवरची. ते गौलीगुड्याच्या बाजारात हमाली करायचे. एकदा मी डबा विसरले, तर तो घेऊन थेट कॉलेजच्या फाटकाशी आले, खांद्यावर मळकं फडकं तसंच. माझ्यासोबत मैत्रिणी होत्या.

"पुढं?" लेकीनं विचारलं.

"पुढं पेटी."

"अगं, पण झालं काय?"

"सांगितलं ना, पेटी!" मी खेकसले.

ती मोबाइल काही खाली ठेवेना. कार्टी माझ्यावरच गेलीय. खरं म्हणजे तिथली ओळ मी कधी लिहिलीच नव्हती. लाज वाटायची. शेवटी भिंतीकडे बघत एकदाची सांगून टाकली. लेकीनं ती टाइप केली आणि मला पाणी आणून दिलं.

जयंतीला आई पहिल्या रांगेत. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आईला यातलं काही माहीत नाही अशी माझी समजूत. ही ओळ ऐकली की ती माझं तोंड बघणार नाही, असं वाटत होतं. तरी प्लास्टरचा हात छातीशी धरून मी ती ओळ म्हटली: मैत्रिणींनी विचारलं, कोण गं हे? मी म्हणाले, शेजारचे काका आहेत.

मांडवात कुणी वा म्हटलं नाही. कशीबशी कविता संपवून मी खाली उतरले आणि आईपुढं जाऊन उभी राहिले.

"मला ठाव होतं गं," ती म्हणाली. "त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं त्यांनी. हसत होते. म्हणले, पोरगी कालेजात गेली, आता शेजाऱ्यासारखं लांबूनच बघावं लागंल."

"जेवले का गं त्या दिवशी?"

"जेवले की. दोन भाकरी जास्तच खाल्ल्या."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत धपकन बसले आणि भर मांडवात हमसून हमसून रडले. किती बरं वाटलं म्हणून सांगू!