वाकडा घोडा

ताई कवळ्या बनवते. तिच्या टेबलावर रोज कुणाचं ना कुणाचं हसू तयार होतं, आणि एक दात जरी केसभर तिरपा बसला तरी तिला चैन पडत नाही. ही खोड बुद्धिबळातही तिच्या पाठी लागलेली. पटावरची सोंगटी वाकडी दिसली की बोटं शिवशिवतात. नियम असा, की आधी "नीट करतेय" म्हणायचं, मगच हात लावायचा. न बोलता हात लागला, तर तीच सोंगटी खेळावी लागते. हे तिला थोरल्या भावाने शिकवलं होतं, लहानपणी बोटांवर टपल्या मारून.

आज समोर तोच दादा होता. जिल्ह्याच्या संघात एकच जागा उरली होती. बरोबरी झाली तर ती गुणांवर दादाला मिळणार. ताईला जिंकायलाच हवं होतं. स्पर्धेत तिने त्याला कधीच हरवलं नव्हतं, पण आज ती हरायला आलीच नव्हती. तिचा घोडा पटाच्या मधोमध ठाण मांडून बसला होता आणि दादाच्या कपाळावर आठ्या होत्या. आपली चाल करून तो पाणी प्यायला उठला. आता हत्ती पुढे सरकवला की काम फत्ते.

घोडा जरा वाकडा होता. तिने तो सरळ केला, आणि "नीट करतेय" म्हणायचंच राहून गेलं.

कुणी पाहिलं नव्हतं. पंच पलीकडच्या पटाशी होते. ताईने स्वतःला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या, पण घाबरली मात्र नाही. घोडा पुढे कुठेही गेला तरी मरत होता. तिने तो मुकाट मागे घेतला आणि घड्याळ अशा ठसक्यात दाबलं, जणू सकाळपासून हेच ठरलं होतं.

दादा परतला आणि चक्रावला. ही बया उगाच मागे हटणारी नव्हे! तो डोकं धरून बसला. नसलेल्या हल्ल्याला भिऊन त्याने राजा हलवला, नसलेला सापळा चुकवला. घड्याळ पळतच होतं. शेवटी घाईघाईत त्याने राजाशेजारची वाट उघडी टाकली, आणि ताईचा हत्ती आत घुसला. थोड्या वेळाने दादाने हार मानून हात पुढे केला.

"घोडा मागे का घेतलास गं? मला अजून कळलेलं नाही."

"वाकडा बसला होता, दादा. हात लागला."

"पण मी तर पाणी पीत होतो!"

"हो ना."

दादाने तिच्या बोटांवर हळूच एक टपली मारली.

"संघात गेलीस की आधी तोंड उघडत जा," तो म्हणाला.